व्हिसामुक्त प्रवास आणि सरहद्दीवरील प्रवेशाधिकार : हिंगणा ते लुंबिनी

नागपूरनजीकचा हिंगणा तालुका तेथील औद्योगिक वसाहतीमुळे सर्वपरिचित आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूस गेले होते. विदर्भातील बौद्ध यात्रेकरूंच्या मार्गावर बोधगया, सारनाथ व कुशीनगर यांच्या जोडीने लुंबिनीचेही नाव असते. यांपैकी पहिली तीन स्थाने भारतात आहेत, चौथे नेपाळात. ‘नेपाळला व्हिसा लागत नाही’ हे विधान अशा यात्रेकरूंच्या तोंडी सहज असते. ते खरे आहे. परंतु त्याचा नेमका अर्थ काय, याचा विचार क्वचितच केला जातो.

सरहद्द ओलांडताना तीन निरनिराळे प्रश्न उपस्थित होतात. प्रवासी कोणत्या राष्ट्राचा नागरिक आहे, हा पहिला. त्याचे उत्तर पारपत्र किंवा तत्सम दस्तऐवज देतो. त्याने आगाऊ अनुज्ञा घेतली आहे काय, हा दुसरा. त्याचे उत्तर म्हणजे व्हिसा. त्यास या क्षणी आत घ्यावे काय, हा तिसरा. त्याचे उत्तर सरहद्दीवरील अधिकारी देतो. व्हिसामाफीने यांपैकी केवळ दुसरा प्रश्न मिटतो. पहिला आणि तिसरा शिल्लक राहतातच.

भारत व नेपाळ यांच्यात 31 जुलै 1950 रोजी काठमांडू येथे शांतता व मैत्रीचा तह झाला. त्याच्या 7 व्या कलमान्वये उभय राष्ट्रांनी परस्परांच्या नागरिकांस वास्तव्य, मालमत्ता, व्यापार आणि संचार यांबाबत समान सवलती देण्याचे मान्य केले. सुमारे 1,750 किलोमीटर लांबीच्या या सरहद्दीवरील मुक्त संचारास या कलमाचा आधार आहे. मात्र ही सवलत नागरिकत्वाशी निगडित आहे, वंशाशी किंवा जन्मस्थानाशी नव्हे. हिंगण्याच्या एखाद्या कुटुंबातील मुलाने अमेरिकेचे नागरिकत्व पत्करले असेल, तर भारतात येण्यासाठी त्याचे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड उपयोगी पडेल. परंतु सोनौलीच्या नाक्यावर नेपाळच्या दृष्टीने तो अमेरिकन प्रवासीच ठरेल. आईवडील व्हिसाविना पुढे जातील आणि मुलास मात्र व्हिसा घ्यावा लागेल.

नागरिकत्व कशाने सिद्ध करावयाचे, हा प्रश्न व्यवहारात सर्वांत अधिक अडचणीचा आहे. नेपाळ-प्रवासासाठी भारतीय नागरिकाजवळ वैध पारपत्र, भारत सरकारने दिलेले छायाचित्रयुक्त ओळखपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र असणे अपेक्षित आहे. आधार कार्ड सर्वांसाठी चालत नाही. यामागील तर्क समजण्याजोगा आहे. मतदार यादीत केवळ नागरिकाचेच नाव नोंदविता येते. उलट आधार हा निवासाशी संबंधित दस्तऐवज असून, 2016 च्या आधार अधिनियमातच तो नागरिकत्वाचा पुरावा नव्हे असे म्हटले आहे. पंधरा वर्षांखालील व पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना मात्र पॅन कार्ड, वाहन परवाना, शिधापत्रिका असे अन्य दस्तऐवज दाखविण्याची मुभा आहे. 2019 मध्ये त्यांत आधारचाही समावेश झाला. पंधरा ते अठरा वयाच्या विद्यार्थ्यास शाळेच्या मुख्याध्यापकाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र चालते.

कुटुंब एकत्र प्रवास करीत असल्यास एका प्रौढ सदस्याजवळ मान्य दस्तऐवज असला म्हणजे इतरांकडे त्याचा आग्रह धरला जात नाही; त्यांनी छायाचित्रासह ओळख व परस्परांतील नाते दाखविले म्हणजे पुरे. येथे ‘कुटुंब’ याचा अर्थ पती, पत्नी, अज्ञान मुले आणि आईवडील असा मर्यादित आहे. एकाच वस्तीतून, एकाच गाडीने निघालेले शेजारी या व्याख्येत बसत नाहीत. केवळ आधार कार्ड घेऊन निघालेली पन्नाशीची एकटी स्त्री गोरखपूर, नौतनवा असा दीर्घ प्रवास करून सोनौलीस पोहोचली, तरी मान्य दस्तऐवज तिच्यापाशी नसतोच. खुल्या नाक्यावर प्रत्येकाची तपासणी होत नाही, म्हणून ही उणीव पुष्कळदा उघडकीस येत नाही. परंतु न विचारणे म्हणजे नियम नसणे नव्हे.

वाहनाचा प्रश्न आणखी निराळा आहे. व्हिसामाफी व्यक्तीस असते, मोटारीस नव्हे. भारतीय क्रमांकाची खाजगी मोटार नेपाळात नेताना तेथील भन्सार, म्हणजे जकात, दिवसांच्या हिशेबाने भरून परवाना घ्यावा लागतो.

परतीचा प्रवास भारतीय कायद्याच्या कक्षेत येतो. 1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी व्यक्तींविषयीचे 1920, 1939 व 1946 चे जुने कायदे जाऊन इमिग्रेशन व परदेशी नागरिक अधिनियम, 2025 अमलात आला. नेपाळ किंवा भूतानच्या सरहद्दीवरून स्वदेशी येणाऱ्या भारतीय नागरिकास पारपत्राच्या अटीतून असलेली सूट नव्या व्यवस्थेतही कायम आहे. नेपाळमार्गे कैलास-मानसरोवरास जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्यास पारपत्र व चीनचा व्हिसा दोन्ही लागतात.

सर्वच व्हिसामाफी तहावर आधारलेली नसते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांस 30 दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेश खुला केला, तो एकतर्फी व मुदतबंद निर्णयाने. त्याबरोबरच प्रवासापूर्वी आगमनाची नोंद संगणकीय पद्धतीने करण्याची अट आली. अशी सवलत देणारे राज्य ती स्वेच्छेने मागे घेऊ शकते. तहाची सवलत अधिक स्थिर असते, तथापि तीही अबाधित नसते. 1950 च्या तहाच्या 10 व्या कलमानुसार कोणताही पक्ष एक वर्षाची पूर्वसूचना देऊन तो संपुष्टात आणू शकतो. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे सरहद्द बंद झाली, तेव्हा तह पूर्ववत् अस्तित्वात होता. तरीही यात्रेकरूस लुंबिनीची वाट बंद होती.

सारांश, व्हिसामुक्ती म्हणजे आगाऊ अनुज्ञेतून सूट होय. तो प्रवेशाचा हक्क नव्हे. हा भेद ज्याला उमगला तो घर सोडण्यापूर्वीच आपला दस्तऐवज तपासून पाहील. ज्याला उमगला नाही त्यास तो सोनौलीच्या नाक्यावर, लुंबिनी अवघ्या काही कोसांवर असताना, उमगण्याचा संभव आहे.