आवडता नायक नावडता होतो तेव्हा

गोष्ट संपली की पोरं विचारतात, "मग पुढं काय झालं?" आज अशाच एका 'पुढं'विषयी बोलू. ते वाचून वाचकांत दोन तट पडले.

अमेरिकेत फ्रँक हर्बर्ट नावाचे लेखक होते. आधी ते वर्तमानपत्रात काम करायचे. १९६५ साली त्यांची 'ड्यून' ही विज्ञान कादंबरी पुस्तकरूपात आली. ड्यून म्हणजे वाळूची टेकडी. गोष्ट हजारो वर्षांनंतरची, एका वाळवंटी ग्रहावरची. तिथं पाण्याची इतकी टंचाई, की माणसं अंगाचा घामसुद्धा खास पोशाखात गाळून पुन्हा पितात. पॉल नावाच्या तरुणाच्या वडिलांना कपटानं मारलं जातं. तो वाळवंटातल्या लोकांकडे आसरा घेतो, त्यांना सोबत घेऊन लढतो आणि शेवटी सम्राट होतो. वाचकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

१९६९ साली दुसरा भाग आला, 'ड्यून मसाया'. मसाया म्हणजे तारणहार. यात पॉलला राज्य करून बारा वर्षं झालीत. त्याच्या नावानं लढणाऱ्या भक्तांनी ६१ अब्ज माणसं मारलीत. आज पृथ्वीवर जेवढी माणसं आहेत, त्यांच्या सात पटींहून जास्त! हे थांबवणं आता पॉलच्याही हातात नाही. त्याची जोडीदार चानी बाळंतपणात जाते. त्याचे डोळे आधीच गेलेले असतात. शेवटी तो एकटाच वाळवंटात निघून जातो.

पुष्कळ वाचक नाराज झाले. आमच्या नायकाला असा खाली का ओढला, लढाया कमी आणि राजवाड्यातली कटकारस्थानंच फार, अशा त्यांच्या तक्रारी. पहिला भाग क्रमशः छापणारे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी दुसरा भाग नाकारला. तो दुसऱ्या मासिकात आला.

दुसऱ्या तटाचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, पहिला भाग नीट वाचा, इशारा तिथंच आहे. पॉलचा एक शूर दोस्त असतो, स्टिलगर. पहिल्या भागाच्या शेवटीच तो दोस्त राहत नाही, भक्त होतो. आणि पॉलला त्याचं वाईट वाटतं. नेत्यावर डोळे झाकून विश्वास टाकू नका, हेच हर्बर्ट यांना पहिल्यापासून सांगायचं होतं. दुसऱ्या भागाचे काही तुकडे त्यांनी पहिला पुरा होण्याआधीच लिहून ठेवले होते.

मला दुसरा तट पटतो. पण माझीही एक तक्रार आहे. चानी एवढी लढवय्यी, आणि दुसऱ्या भागात तिच्या वाट्याला मूल होण्याची वाट बघणं आणि मरण, एवढंच येतं. मूल होऊ नये म्हणून दुसरीच बाई तिला चोरून औषध देत असते. तिच्या तोंडून ही गोष्ट ऐकायला मला आवडली असती.

नाराज वाचकांना मी हसणार नाही. ज्याच्यावर जीव लावला त्याची चूक बघणं जड जातंच. आपल्या गटातही एखादी ताई चांगलं काम करते, मग आपण हिशेबाची वही बघणंच सोडून देतो. ती वाईट नसते. आपण विचारणं बंद केलेलं असतं.

पुढच्या बैठकीत यावर बोला. तुम्ही कोणत्या तटात, ते आम्हाला जरूर कळवा.