अंडं कोणाचं?

मृगाच्या पहिल्या सरींबरोबर परड्यात खाकी कॅम्पबेल बदकांची पिल्लं आली, त्याला आता दुसरा पावसाळा सरत आला. या जातीची चांगली मादी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, असं पुस्तकं सांगतात. कोंड्या-भातावर आणि मळ्यातल्या गोगलगायींवर पोसलेल्या बदकांकडून ती अपेक्षा आम्ही केलीच नव्हती.

पहिले काही महिने नर कुठला आणि मादी कुठली, एवढाच प्रश्न होता. तो त्यांनीच सोडवला. माद्यांचा आवाज असा फुटला की शेजारच्यांनी विचारणा केली. नर मात्र घोगरंच पुटपुटत राहिला आणि पुढे त्याच्या शेपटीवर वळलेलं पीस आलं.

दिवाळी उलटली तशी अंडी सुरू झाली. बदकं घालतात ती बहुधा पहाटे. म्हणून उन्हं वर आल्याशिवाय खुराडं उघडायचं नाही, हा नियम तेव्हापासूनचा; नाहीतर अंडं थेट व्हाळात. पण साऱ्याजणी पेंढ्यातल्या एकाच खळग्यात घालायच्या, अंडी सगळी पांढरी. कोण घालतंय आणि कोण फुकट जेवतंय, कळेना.

शेवटी हाताची बोटंच कामाला आली. मादीला काखेत धरून शेपटीखाली चाचपलं की दोन बाजूंना हाडांची दोन टोकं लागतात. अंड्यावर असलेलीच्या टोकांमध्ये दोन-तीन बोटं सहज मावतात, नसलेलीच्या जेमतेम एक. अंड्याची वाटही घालणारीची ओलसर आणि सैल, दुसरीची कोरडी, आवळलेली. तरीही शंका उरली तर संध्याकाळी कोंडल्यावर तिथे जिलबीतला केशरी रंग लावायचा. सकाळी एखाद्या कवचावर डाग मिळतो. दिवसा लावण्यात अर्थ नाही, पाण्यात शिरली की सगळं साफ.

पुढची अडचण माघात आली. कवचं पातळ व्हायला लागली, एक अंडं तर नुसत्या पापुद्र्यात आलं. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. कवच चढायला वीसेक तास लागतात, त्यातले बरेचसे रात्रीचे, म्हणजे बदक काही खात नसताना. पोटात साठा नसला की मादी ते कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणून शिंपल्यांची बारीक पूड फारशी कामाची नाही, ती लगेच पुढे सरकते. जाडसर खडे पेषणीत थांबून रात्रभर विरघळतात. कोकणात हा माल विकत घ्यायची गरजच नाही. तिसऱ्या आणि कालवांची कवचं उकळून, कडक उन्हात वाळवून, जाड्या मिठाच्या खड्यांएवढी ठेचली की झालं.

हा चुरा खाण्यात मात्र कालवला नाही, वेगळ्या परळात ठेवला. सगळ्यांनाच अंड्यांवरच्या कोंबड्यांचं खाद्य घालण्याची पद्धत मला पटत नाही. त्यात चार टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं आणि नराच्या, वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना ते जड जातं. परळ वेगळा असला की जिला हवं ती खाते. पंधरवड्याभरात कवचं पुन्हा टणक झाली.

आता भादव्यात पिसं झडताहेत, अंडी जवळपास थांबलीत. बहुतेकींची हाडं पुन्हा एका बोटावर आली आहेत. परळ तसाच ठेवलाय, कारण एक मादी अजून घालतेच आहे. बाकीच्यांना नव्या पिसांसाठी प्रथिनं हवीत, म्हणून भातात बिनमिठाची सुकट वाढवली आहे.