सात मिनिटांत अर्ज वाचला कुणी?

मागल्या रविवारी समाजमंदिरातील आमच्या मार्गदर्शन वर्गात गेवराई तालुक्यातील एक मुलगी आली. बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेली, आई-वडील ऊसतोड कामगार. "जय भीम काका," म्हणाली आणि मोबाईल आमच्यापुढे धरला. पुण्याच्या एका कंपनीला तिने रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी अर्ज पाठविला होता. नकाराचे पत्र आले अकरा सत्तेचाळीसला. "काका, सात मिनिटांत माझा अर्ज वाचला कुणी?"

आमची निम्मी हयात कारकुनीत गेली. रात्री पावणेबारा वाजता टेबलावर बसून फाईल निकालात काढणारा साहेब आम्ही अजून पाहिलेला नाही. तेव्हा अर्ज माणसाने वाचला नसावा, यंत्राने वाचला असावा, हे आम्ही तिला सांगितले. मोठ्या कंपन्यांकडे एका जागेसाठी हजारो अर्ज येतात. ते चाळण्यासाठी संगणकाची चाळणी असते आणि आता त्या चाळणीत कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे लोक ज्याला एआय म्हणतात ती, बसविली जाते. ती शब्द जुळवून पाहते, गुण देते, क्रम लावते आणि तळाचे अर्ज साहेबापर्यंत पोचूच देत नाही.

वाचकांना वाटेल, बरेच झाले की! यंत्राला जात नाही. ते "आडनाव काय, गाव कुठले, वडील काय करतात?" असे विचारीत नाही. आम्हालाही आधी असेच वाटले होते.

पण यंत्र शिकते कशावरून? जुन्या भरतीवरून. आणि जुनी भरती कशी होती, हे आपल्याच माणसाने मोजून ठेवले आहे. डॉ. सुखदेव थोरात हे अमरावती जिल्ह्यातील, औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालयात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी व पॉल ॲटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी दैनिकांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाच्या अर्जाला तर एक-तृतीयांश. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त २००७ साली हे छापून आले. तेव्हा अर्ज माणसेच वाचीत होती. त्या माणसांच्या निवडीचे कागद यंत्रापुढे धडा म्हणून ठेवले, तर यंत्र दुसरे काय गिरवणार?

अमेरिकेत हे घडून गेले आहे. ॲमेझॉन कंपनीने आपल्याकडे दहा वर्षांत आलेल्या अर्जांवर एक यंत्र शिकविले. अर्ज बहुतेक पुरुषांचे होते. यंत्राने पुरुष बरे असा धडा घेतला आणि अर्जात 'महिलांचा' हा शब्द दिसला की गुण कापू लागले. कंपनीला ते मोडीत काढावे लागले. रॉयटर्सने ही हकिकत २००८ नव्हे, अगदी अलीकडे २०१८ साली बाहेर आणली. आपल्याकडचे उदाहरण २०२५ चे आहे. एका दलित संशोधकाने अर्जाची भाषा सुधारायला एआयकडे दिली, तर त्याने भाषेबरोबर त्याचे आडनावही बदलून 'शर्मा' करून टाकले! 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू'ने हे प्रसिद्ध केले आहे.

आमच्या मुलीच्या बाबतीत यंत्राने आडनाव पाहिले की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पुरावा नसताना बोट दाखविणे बरे नव्हे. पण तिचा बायोडाटा पाहिला आणि दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे, कॅफेवाल्याने छापील कागदाचा मोबाईलवर फोटो काढून तोच जोडला होता. पुष्कळदा यंत्राला असा फोटो म्हणजे कोरा कागद. बायोडाटा टाईप केलेलाच हवा, साधा, चौकटी व फोटोविना, आणि जाहिरातीत कामाचे जे शब्द आहेत तेच आपल्याला येत असतील तर जसेच्या तसे लिहावेत.

दुसरी गोष्ट जिव्हारी लागणारी. बारावीनंतर दोन वर्षे रिकामी होती. विचारले तर खाली मान घालून म्हणाली, "दोन हंगाम आईसंगं कारखान्यावर होते." हार्वर्ड बिझनेस स्कूल व ॲक्सेंचर यांच्या २०२१ च्या अहवालात असे आहे, की जवळजवळ निम्म्या कंपन्यांची चाळणी नोकरीत सहा महिन्यांहून जास्त खंड दिसला की अर्ज बाजूला टाकते. तो अहवाल परदेशातला. पण सहा महिने हा शब्द वाचताच आमच्या पोटात गोळा आला. दिवाळीनंतर निघायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे, बीडचा हंगाम नेमका तेवढाच!

"तिथं काय करीत होतीस?" तर टोळीची हजेरी लिहायची, मुकादमाच्या उचलीचा हिशेब ठेवायची. एकदा मुकादमाची चूक तिनेच धरली होती. मग हे बायोडाट्यात का नाही? "काका, कोयत्याचं लिहू?" आम्ही म्हटले, लिही. हिशेब ठेवला, तर हिशेब ठेवला म्हणून लिही.

बायोडाट्यात 'धर्म : बौद्ध', जात व वडिलांचा धंदा लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. खासगी कंपनीने मागितले नसेल तर ते लिहू नये, असे आम्ही सांगतो. एक वडीलधारे रागावले, "ओळख लपवायला शिकविता काय?" तसे नाही दादा. सरकारी अर्जात प्रमाणपत्रासह ठळक लिहावे, तिथे तो आपला हक्क आहे. कंपनीच्या अर्जात त्याचा उपयोग काय? आडनाव तर तसेही राहतेच.

खरी अडचण पुढे आहे. सरकारी कचेरीत बिंदुनामावली असते. कोणती जागा कुणाची, हे नोंदवहीत लिहिलेले असते आणि २००५ च्या माहिती अधिकारात ती मागता येते. आम्ही स्वतः ती वही सांभाळली आहे. कंपनीच्या यंत्राला ना बिंदुनामावली, ना अपील. न्यूयॉर्क शहराने जुलै २०२३ पासून असा नियम लागू केला, की भरतीचे यंत्र वापरायचे तर दरवर्षी त्रयस्थाकडून भेदभावाची तपासणी करायची, निष्कर्ष जाहीर करायचा व उमेदवाराला आधी कळवायचे. युरोपच्या २०२४ च्या कायद्याने भरतीचे यंत्र जोखमीच्या यादीत घातले. न्यूयॉर्कची तपासणीही वंश व लिंग पाहते, जात नाही. आपल्याकडे अशी तपासणी आली, तर तिच्या रकान्यांत जात हवी. ही मागणी आपण नाही तर कोण करणार?

मुलीने नवा बायोडाटा आमच्यासमोर टाईप केला आणि चार ठिकाणी पाठविला. एकीकडून ऑनलाईन परीक्षेची तारीख आली आहे. पहिल्या कंपनीलाही आम्ही तिच्याकडून दोन ओळी लिहवून घेतल्या : माझा अर्ज माणसाने पाहिला की यंत्राने, आणि कोणत्या कारणाने नाकारला? त्या पत्राला मात्र सात मिनिटांत उत्तर आले नाही. आज नववा दिवस आहे.