खोकला नाही, म्हणजे त्रास नाही?

दिवाळीच्या सुमारास मुंबईत सकाळी समोरच्या टॉवरवरची क्रेन दिसेनाशी झाली की चार दिवस हवेची चर्चा होते. मग वारा सुटतो, आभाळ निवळते आणि विषय मिटतो. हवेबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज इथूनच येतात. जे डोळ्यांना दिसते, नाकाला झोंबते किंवा घशात खवखवते, तेवढेच प्रदूषण, असे आपण धरून चालतो. खरा घातक भाग मात्र यातले काहीच न करता शरीरात शिरतो.

‘आपल्याला समुद्र आहे, दिल्लीसारखे होत नाही’

हे अर्धेच खरे आहे. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे शहरातली हवा हलवतात, पण हलवून नेतात कुठे? पूर्वेकडे, म्हणजे चेंबूर, ठाणे, नवी मुंबईच्या दिशेने. तिथे राहणाऱ्याला या वाऱ्याचे कौतुक सांगून पाहावे. रात्री मतलई वारे उलट वाहतात आणि त्या हवेतला काही भाग पुन्हा शहरावरून समुद्राकडे जातो. हिवाळ्यात खारे वारे उशिरा सुरू होतात आणि मंदही असतात. रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवाही गार पडते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. गार हवा जड, त्यामुळे ती वर चढत नाही. वाहनांचा धूर, कचरा जाळल्याचा धूर, बांधकामांची धूळ, सगळे या झाकणाखाली अडकते.

शिवाय पावसाळा चार महिने हवा धुऊन काढतो. त्यामुळे मुंबईची वर्षाची सरासरी बरी दिसते आणि डिसेंबर-जानेवारीची अवस्था त्या सरासरीत लपते. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा इतकी बिघडली की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. त्यात ७० मीटरपेक्षा उंच इमारतींच्या जागेभोवती ३५ फुटी पत्रे, बांधकामावर हिरवे कापड आणि पाण्याची फवारणी असे नियम होते. ते चांगलेच आहेत, पण पाण्याने खाली बसते ती मुख्यतः जाड धूळ.

‘अ‍ॅपवर समाधानकारक दाखवतेय, मग काय?’

भारताचा हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून वापरात आहे. त्यात ५१ ते १०० म्हणजे ‘समाधानकारक’. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कणांच्या, म्हणजे पीएम २.५ च्या भाषेत, दर घनमीटर हवेत ३१ ते ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली २४ तासांची शिफारस आहे १५ मायक्रोग्रॅमची. म्हणजे आपल्या ‘समाधानकारक’ची वरची कड त्या शिफारशीच्या चौपट आहे. वर्षाच्या सरासरीत तर तफावत आणखी मोठी आहे. संघटना म्हणते ५, आपले २००९ चे मानक म्हणते ४०. हिरव्या रंगाकडे पाहून निश्चिंत होण्याआधी एवढे ठाऊक असावे.

दोन अ‍ॅप दोन आकडे दाखवतात, तेव्हा त्यातले एक खोटे बोलते असेही नाही. पीएम २.५ चे प्रमाण ६० असेल तर भारतीय मोजपट्टीवर तो निर्देशांक १०० येतो, अमेरिकी मोजपट्टीवर १५० च्या वर. हवा तीच, पट्टी वेगळी. आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे रोजचे पत्रक २४ तासांची सरासरी देते. सकाळी आठ वाजता सिग्नलला रिक्षात बसून आपण काय ओढले, ते त्या सरासरीत सापडत नाही.

‘मला दमा नाही, माझी छाती ठणठणीत आहे’

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हा. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते. नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट स्राव जाड धूळ बऱ्यापैकी अडवतात. म्हणून तर शिंका येतात, खोकला येतो, शेंबूड काळा दिसतो. हे संरक्षण काम करत असल्याचे लक्षण आहे. पीएम २.५ मात्र ही तटबंदी ओलांडून फुफ्फुसांच्या वायुकोशांपर्यंत जातात. तिथल्या संरक्षक पेशी त्यांना गिळायला धावतात आणि त्या धुमश्चक्रीत दाह निर्माण करणारी रसायने रक्तात उतरतात. अतिसूक्ष्म कण तर स्वतःच रक्तात शिरू शकतात. रक्तवाहिन्या आकसतात, त्यांच्या आतले अस्तर बिघडते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. पुढचा झटका हृदयाला बसतो किंवा मेंदूला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये घराबाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे जगात सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले. त्यांतले सुमारे ६८ टक्के हृदयविकार आणि पक्षाघाताचे होते. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा वाटा सुमारे ४ टक्के. तो आकडा लहान दिसला तरी बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोगकारक म्हणून २०१३ मध्येच पहिल्या गटात टाकले गेले आहे, तंबाखूच्या शेजारी. अडचण अशी की हृदयविकाराने गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर ‘हवा’ असे कुणी लिहीत नाही. अपवाद लंडनचा. एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. ती एका वर्दळीच्या रस्त्याजवळ राहत होती. २०२० मध्ये तिथल्या अधिकृत चौकशीने हवेचे प्रदूषण हेही तिच्या मृत्यूचे एक कारण म्हणून नोंदवले.

‘पहाटेची हवा सर्वांत शुद्ध’

खेड्यात, पावसाळ्यानंतर, कदाचित. शहरात हिवाळ्यात नाही. वर सांगितलेले झाकण उन्हं तापेपर्यंत हटत नाही आणि त्याखालीच सकाळची वाहतूक सुरू होते. भरभर चालताना किंवा धावताना आपण बसल्या वेळेच्या कितीतरी पट हवा आत घेतो, तीही तोंडाने. म्हणून चालणे बंद करावे का? मुळीच नाही, न चालण्याचे नुकसान बहुधा मोठेच असते. थंडीत वेळ थोडी पुढे ढकलावी, हमरस्ता सोडून आतली गल्ली धरावी. आकडा फारच वाईट असेल त्या दिवशी सूर्यनमस्कार घरात घालावेत.

‘खिडक्या लावल्या की झाले’

बारीक कण फटींतून येतातच. त्यात आपण स्वतः भर घालतो. एक मच्छर अगरबत्ती जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ सोडते, असे २००३ च्या एका अभ्यासात मोजले गेले. बंद खोलीत, रात्रभर, पाळण्याशेजारी! मच्छरदाणी जुनाट वाटते, पण या बाबतीत तिला तोड नाही. धूप-उदबत्तीबद्दल लिहिले की पत्रे येतात. तरीही, लावावी, पण खिडकी उघडी ठेवून.

‘आता शरीराला सवय झालीय’

घशाला होते, रक्तवाहिन्यांना होत नाही. अमेरिकेतल्या युटा खोऱ्यातला पोलादाचा कारखाना १९८६-८७ मध्ये संपामुळे वर्षभर बंद होता. त्या हिवाळ्यात श्वसनविकारांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या लक्षणीय घटली आणि कारखाना सुरू झाल्यावर पुन्हा चढली. दक्षिण कॅलिफोर्नियातही हवा सुधारत गेली तशी तिथल्या मुलांच्या फुफ्फुसांची वाढ अधिक चांगली झाल्याचे २०१५ मध्ये दिसून आले. सवय झाली असती तर यातले काहीच घडले नसते.

घरगुती उपायांचे थोडक्यात उरकतो. गूळ खाल्ल्याने फुफ्फुसे साफ होतात, या समजामागे लखनौत उंदरांवर झालेला एक प्रयोग आहे. माणसांत तो परिणाम सिद्ध झालेला नाही. गूळ आवडीने खावा, मधुमेह असेल तर तेवढाही नको. कुंड्यांनी हवा शुद्ध होते हा समज ‘नासा’च्या १९८९ च्या प्रयोगातून आला. तो प्रयोग बंद पेटीत झाला होता आणि वायूंबद्दल होता, कणांबद्दल नव्हे. रुमाल किंवा ओढणी जाड धूळ अडवते, पीएम २.५ फारसे नाही. एन-९५ मास्क अडवतो, तोही कडेने हवा शिरत नसेल तरच.

‘पंपाची सवय लागते’

प्रदूषण वाढले की ज्यांना दम्याच्या पंपाची खरी गरज असते, तेच या भीतीने तो कपाटात ठेवतात आणि गोळी घेतात. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची, म्हणजे वीस ते चाळीस पट. गोळीतले औषध पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या शरीरात जाते, म्हणून हात थरथरतात, धडधडते. पंपाचे औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते. दाह आवरणारा रोजचा पंप तर बरे वाटतानाही घ्यायचा असतो. हवा खराब होण्याच्या महिन्यांत तो स्वतःहून बंद करू नये, आणि डोस बदलायचा असेल तर दिवाळीआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.