कौतुक कुणाचं करायचं?

मैत्रिणींनो, कौतुकाचे कार्यक्रम आपल्या गावात काही कमी होत नाहीत. रांगोळीला बक्षीस, पाककृतीला बक्षीस, दहावीच्या मुलांना शाल-श्रीफळ! पण ज्या वाडीची बैठक भांडणावाचून पार पडते, जिचा हिशेब कुणालाही मागता येतो, त्या वाडीचा सत्कार झालेला तुम्ही कधी पाहिलाय? मी तरी पाहिला नव्हता. म्हणून गेल्या वर्षी श्रावणात आमच्या दाभोळच्या महिला मंडळात मी सुचवलं, "यंदा चांगला कारभार करणाऱ्या वाडीचं कौतुक करू या." झालं! सुचवणारीच्याच गळ्यात काम पडायचं, तसं ते माझ्या गळ्यात पडलं. मोहल्ल्यातल्या दोघी आणि वाड्यांतल्या तिघी मदतीला आल्या.

पहिल्याच बैठकीत गाडी अडली. चांगला कारभार ओळखायचा कसा? एकीने स्वच्छ रस्ते म्हटलं, दुसरीने देवळाला दिलेला रंग. मला काही ते पटेना. घर नीटनेटकं दिसतं म्हणजे घरातली माणसं सुखात आहेत, असं थोडंच असतं? मग मी शाळेच्या वाचनालयात बसून थोडा अभ्यास केला. अमेरिकेत तिथल्या मूळ रहिवासी जमातींच्या उत्तम कारभाराचा गौरव १९९८ पासून होतो, आणि ऑस्ट्रेलियात २००५ पासून, हे तेव्हा कळलं. पण खरं शिक्षण मिळालं ते आपल्याच गडचिरोलीच्या मेंढा-लेखा या गावाकडून.

पाचशे माणसांचं सरकार

धानोरा तालुक्यातलं हे गोंड आदिवासींचं गाव. वस्ती पाचशेच्या आसपास. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार," ही त्यांची घोषणा. देवाजी तोफा हे गावातले पुढारी, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांच्या बरोबरीने काम केलेले कार्यकर्ते. आपल्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावणारा माणूस, हे मुद्दाम सांगते!

या गावात बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाला जरी पटलं नाही, तरी पुन्हा बोलायचं, पुन्हा बसायचं. सभेला घरटी एक पुरुष आणि एक बाई यायचीच. शिवाय अभ्यासगट आहेत. विषय आधी समजून घ्यायचा, मगच ठरवायचं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांत मेंढ्याचं नाव आहे. तरीही बांबू बाहेर न्यायला परवाना मिळेना. गाव चिकाटीने मागे लागलं, आणि एप्रिल २०११ मध्ये परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे २०१३ मध्ये गावाने आपल्या जमिनी ग्रामदानात ग्रामसभेकडे सोपवल्या.

हे वाचून आम्ही चार प्रश्न काढले. निर्णय कोण घेतं? हिशेबाची वही कुठे असते? बाया कुठे बसतात, आणि बोलतात का? ज्याचं पटलं नाही, त्याचं काय होतं? वही-पेन घेऊन आम्ही वाडीवाडीत हिंडलो. एका वाडीची वही तर अशी नेटकी, की पाहत राहावं! पण बाया पडवीच्या आत, दाराआड उभ्या. "आम्हाला कळतं सगळं ऐकू येतं तेवढं," एक वहिनी म्हणाल्या. मी गप्प झाले. आपल्याकडेही गावकीत असंच चालत आलंय की!

यादीत नसलेली वाडी

अशीच एका दुपारी चिंबोऱ्या विकायला येणारी कातकरीण दारात बसली होती. माझ्या हातातला कागद बघून म्हणाली, "बाई, तुमच्या त्या यादीत आमची वाडी नाय काय?"

नव्हती. सहाजणींपैकी एकीच्याही डोक्यात आली नव्हती. मेंढ्याच्या गोंडांचं कौतुक मी भरभरून सांगत होते, आणि दारातल्या आदिवासी बाईची वाडी विसरले होते. लाज वाटली, अगदी खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी गेलो. वही नव्हतीच. पण दिवाळीनंतर माणसं विटांच्या भट्टीवर जातात, तेव्हा शाळेतली पोरं दोन म्हाताऱ्यांपाशी ठेवायची, आणि त्यांच्यासाठी प्रत्येक घराने रेशनच्या तांदळातला वाटा काढायचा, हे वाडीने मिळून ठरवलं होतं. कुणी किती दिले, याच्या कोळशाच्या रेघा भिंतीवर. बोलण्यात बायाच पुढे. आमचा दुसरा प्रश्न धरला असता तर या वाडीला शून्य गुण मिळाले असते! तो प्रश्न आम्ही बदलला. आता तो असा आहे : हिशेब सगळ्यांना दिसतो का?

सत्कार ८ मार्चला करायचा बेत होता. ती म्हणाली, "तवा आमी भट्टीवर." मग लक्षात आलं, ग्रामसभा बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. पहिल्या सभेला ही माणसं गावात नसतातच, आणि १ मेलाही बरीचशी परतलेली नसतात. मग त्यांच्या पाण्याचं नि रस्त्याचं बोलायचं कुणी? आम्ही कार्यक्रम पावसाळ्यावर ढकलला. दोन वाड्यांचा सत्कार केला. एक पाण्याचा तंटा सामोपचाराने मिटवणारी, आणि दुसरी ही. काय हवं, असं आधीच विचारलं होतं. शाल नको म्हणाल्या. उंदीर लागणार नाही अशी तांदळाला पत्र्याची कोठी मागितली. तीच दिली.

तुम्हीही करून पाहा

ग्रामसभेआधी बायकांची वेगळी ग्रामसभा घ्यायची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. जागा आहेत, पण तिथे जाऊन बसायला हवं ना! पुढच्या सभेची तारीख विचारून ठेवा. आमटीला फोडणी घालून, मुलांना शेजारी सोडून, दोघीतिघी मिळून जा. हिशेब वाचून दाखवायला सांगा. आणि सत्काराची यादी करायला बसलात, तर एक गोष्ट विसरू नका. नावं लिहून झाली की दारावर येणाऱ्या मासेवालीला, मोळीवालीला ती वाचून दाखवा. कोण राहिलंय, ते तिला नक्की ठाऊक असतं.