ओढकामासाठी जुना पिकअप ट्रक

अमेरिकेत नावा, घोड्यांचे ट्रेलर व फिरती घरे ओढण्यासाठी खाजगी पिकअप ट्रक वापरले जातात. नवे ट्रक महाग असल्याने अनेकजण जुना ट्रक घेतात. अशी निवड करताना इंजिनाच्या ताकदीइतकेच महत्त्व वहनक्षमतेला असते.

'''ओढक्षमता व वहनक्षमता'''

ओढक्षमता म्हणजे ट्रकमागे जोडता येणारे कमाल वजन, तर वहनक्षमता म्हणजे खुद्द ट्रकवर लादता येणारे वजन. गोळ्याच्या जोडणीत ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो. ३,५०० किलोच्या ट्रेलरचा भार १३ टक्के धरल्यास ४५५ किलो होतो. त्यात प्रवासी व सामानाचे ३०० किलो मिळवले, तर ७०० किलो वहनक्षमतेचा ट्रक, ओढक्षमता शिल्लक असूनही, अतिभारित होतो. पुढची चाके हलकी होऊन सुकाणूवरील ताबा कमी होतो. उलट, जोडणीवरील भार फार कमी ठेवल्यास ट्रेलर झोके घेऊ लागतो. वहनक्षमता सहसा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेली असते.

'''जुने आकडे'''

पूर्वी प्रत्येक कंपनी ओढक्षमता आपापल्या पद्धतीने ठरवीत असे. जे२८०७ हे समान चाचणी-मानक २००८ साली प्रसिद्ध झाले, परंतु बहुतेक कंपन्यांनी ते काही वर्षांनी स्वीकारले. त्यामुळे त्याआधीच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या ट्रकांचे आकडे थेट तुलनेस योग्य नसतात.

'''पाहणी'''

गिअरबॉक्सच्या तेलाला जळका वास, चासीवर खोलवर गंज किंवा जोडणीजवळ तडे आढळल्यास स्वस्त ट्रकही दुरुस्तीमुळे महाग पडतो.