नंबर जुना, सिम नवे : निरोप अडतो कुठे?

सायखेड्याच्या बाजारात कांदा विकला की पैसे खात्यात जमा झाल्याची वर्दी आज मोबाइलवर येते. शाळेच्या सूचनाही त्याच नंबरावर येतात. म्हणून रेंज मिळत नाही या कारणाने कंपनी बदलली, तरी नंबर बदलायला कोणी तयार नसते. तो तसाच ठेवून दुसऱ्या कंपनीकडे जाण्याला ‘पोर्ट करणे’ म्हणतात. मात्र त्यानंतर कधी कधी फोन लागतो, पण बँकेचा ओटीपी येत नाही किंवा निरोपांच्या अ‍ॅपमधील नोंदणी अडते. असे का व्हावे?

आधी एक प्रश्न विचारू : आपला नंबर असतो कुठे? सिम कार्डात, असे उत्तर बहुतेक विद्यार्थी देतील. पण कंपनी सिमला ओळखते ते वेगळ्याच पंधरा अंकी क्रमांकावरून. भारतात तो ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो. आपला दहा अंकी नंबर कोणत्या सिमचा, याची नोंद कंपनीच्या संगणकातील वहीत असते. पोर्ट करताना नवे सिम येते ते नवा पंधरा अंकी क्रमांक घेऊन. दहा अंकी नंबर हलत नाही. बदलते ती वहीतील नोंद.

गोदावरीच्या एका काठावर सायखेडा, तर पलीकडे चांदोरी. एखादे कुटुंब पलीकडे राहायला गेले तर नावे तीच राहतात. पण पत्र पोचण्यासाठी नवा पत्ता इतरांना कळावा लागतो. मोबाइलचेही तसेच आहे. पूर्वी नंबराच्या सुरुवातीच्या अंकांवरून कंपनी ओळखता येई. पोर्ट करण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली, तेव्हा ही खूण निरुपयोगी ठरली. आता पोर्ट झालेल्या नंबरांची मध्यवर्ती यादी ठेवली जाते, तिच्यातील बदल सर्व कंपन्यांना कळवले जातात, आणि निरोप धाडणारी कंपनी आपल्याकडची प्रत पाहून वाट ठरवते. ती प्रत जुनी राहिली तर निरोप जुन्या घरी जातो. म्हणूनच एका कंपनीच्या ग्राहकाचा संदेश येतो आणि दुसरीकडचा येत नाही, असे घडू शकते.

यावरून दोष शोधण्याचा क्रम ठरतो. प्रथम नव्या सिमवरून साधा फोन करून पाहावा. मग वेगवेगळ्या कंपन्यांच्या तीन-चार मित्रांना लघुसंदेश पाठवायला सांगावे. एकाचाच येत नसेल तर अडचण वाटेत आहे. कोणाचाच येत नसेल तर नव्या कंपनीकडे तक्रार करावी. सर्वांचे येतात, पण ओटीपी तेवढा येत नाही, तर बँकेला किंवा त्या सेवेला कळवावे. नंबर तोच असेल तर व्हॉट्सअ‍ॅपची नोंदणी बहुधा पुन्हा करावी लागत नाही. म्हणून घाईने अ‍ॅप काढून टाकू नये. काढलेच, तर सहा अंकी संकेत लागतो, आणि तोच येत नसेल तर दार दोन्हीकडून बंद! आयफोनवरील आयमेसेजची गोष्ट वेगळी. तेथे नोंदणीसाठी फोन स्वतःच एक संदेश पाठवतो, आणि तो परदेशी जात असेल तर त्याला पैसे पडतात. शिल्लक नसेल तर नोंदणी तेथेच थांबते.

पोर्ट करण्यासाठी १९०० या क्रमांकावर संदेश पाठवला की आठ अक्षरांचा संकेत मिळतो. डिसेंबर २०१९ च्या नियमांनुसार त्याच परिमंडळात हे काम तीन कामकाजी दिवसांत, तर दुसऱ्या परिमंडळात पाच दिवसांत व्हायचे असते. नाशिक जिल्हा महाराष्ट्र-गोवा परिमंडळात येतो. मुंबईचे परिमंडळ निराळे. हा संकेत फोनवर कोणालाही सांगू नये. तो ज्याच्या हाती जाईल तो आपला नंबर स्वतःच्या सिमवर नेण्याचा डाव रचू शकतो, आणि मग बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातील. आपले सिम अचानक मुके झाले तर ‘रेंज गेली असेल’ म्हणून स्वस्थ बसू नये. दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला लगेच कळवावे.

वर्गात हा प्रयोग करता येईल. चार विद्यार्थी ‘कंपन्या’ होऊन एकेक वही धरतील. एका ‘ग्राहका’ची कंपनी बदलावी, पण तीनच वह्यांत ती दुरुस्त करावी. मग चिठ्ठ्या पाठवून पाहाव्यात. कोणती चिठ्ठी चुकते आणि का, हे मुलेच सांगतील.